जाजलीच्या जटा आणि आमची गॅलरी

मराठीच्या वर्गात 'घरटे' हा शब्द आला की पुढचे सगळे ठरलेले असते. फळ्यावर 'प्रतीक' असे लिहिले जाते, त्याखाली बाण काढून 'घर', 'माया', 'आई', 'निवारा', आणि हल्लीच्या अभ्यासक्रमात 'विस्थापन'. विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत तसेच लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. या सगळ्या व्यवहारात पक्षी कोणता, घरटे कशाचे, ते बांधले कुठे, अंडी किती, पिल्ले किती दिवसांनी उडाली, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. कोणी विचारलेच तर ते प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवले जातात.

प्रस्तुत टिपणात हे प्रश्न आम्ही मराठी विभागातूनच विचारणार आहोत. त्याचे निमित्त साधे आहे. आम्ही तिघे एकाच विभागात शिकवतो आणि तिघांच्याही घरी पक्ष्यांनी नको त्या जागा धरल्या आहेत. एकाकडे वातानुकूलन यंत्राच्या मागे कबुतर, दुसऱ्याकडे टांगत्या कुंडीत बुलबुल, तिसऱ्याच्या जिन्यातील जुन्या मीटरपेटीत दयाळ. चहाच्या वेळी या विषयावर जे बोलणे होते त्यात एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली. घरट्याविषयी आम्हांला कवितेतून जे मिळाले आहे त्याचा त्या कुंडीपुढे उभे राहिल्यावर काही उपयोग होत नाही. कुंडीला पाणी घालावे की न घालावे, एवढेसुद्धा त्यातून ठरत नाही. उपयोग झाला तो एका जुन्या, कोरड्या आणि वर्गात फारशा न शिकवल्या जाणाऱ्या कथेचा.

ती कथा महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्माच्या भागात आहे. भीष्म ती युधिष्ठिराला सांगतात. जाजली नावाचा ब्राह्मण वनात घोर तप करीत असतो. ऊन, पाऊस, थंडी अंगावर घेत तो लाकडाच्या खांबासारखा निश्चल उभा राहतो. जटा धुळीने, मळाने गुंतून गेलेल्या. कुलिंग पक्ष्यांचे एक जोडपे (कुलिंग म्हणजे चिमणीसारखा लहान पक्षी असे मानतात) गवताच्या काड्या आणून त्या जटांत घरटे करते. जाजली हलत नाही. पावसाळा सरतो, शरद येतो, पक्षी तिथेच अंडी घालतात. जाजलीला ते कळते, आणि कळल्यावरही तो हलत नाही. अंडी फुटतात, पिल्ले वाढतात, त्यांना पंख येतात. दिवसा उडून ती संध्याकाळी परत येऊ लागतात. पुढे काही दिवस बाहेर काढून परत येतात. शेवटी महिनाभर कोणीच फिरकत नाही. तेव्हा कुठे जाजली जागचा हलतो.

इथपर्यंतची कथा कोणत्याही पक्षिनिरीक्षकाने सही करावी अशी आहे. तिच्यात मायेचा एकही उमाळा नाही. जाजलीला पिल्लांचा लळा लागला, त्याचे मन भरून आले, असे काही कथाकार ठासून सांगत बसत नाही. तो सांगतो एक वेळापत्रक. काड्या केव्हा आल्या, अंडी केव्हा पडली, पंख केव्हा आले, पक्षी किती काळ परतले आणि केव्हा परतेनासे झाले. जाजलीचे पुण्य काय असेल ते या वेळापत्रकाइतकेच आहे. एवढे दिवस तो हलला नाही.

पुढचा भाग मात्र वेगळा आहे. पक्षी गेल्यावर जाजली नदीवर स्नान करतो, सूर्याची उपासना करतो आणि मग दंड थोपटून म्हणतो की, मला धर्म प्राप्त झाला. तत्क्षणी आकाशातून वाणी होते की, तू वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस. हा तुलाधार म्हणजे दुकानात बसून माल विकणारा वाणी. जाजली शोधत शोधत त्याच्या दुकानी जातो, तर तुलाधार त्याला ओळखतो, डोक्यावरच्या घरट्यासकट त्याचा सगळा वृत्तान्त आधीच सांगतो, आणि मग आपला धर्म सांगतो: सर्वांना सारखी असलेली तराजू. कथेतला खरा संवाद यानंतर सुरू होतो. तो लांब आहे, यज्ञ, हिंसा, शेती, बैल अशा अनेक विषयांवर जातो. त्याचा ऊहापोह इथे करीत नाही.

आम्हांला रस आहे तो दंड थोपटण्यात. घरट्याविषयीचे आजचे आमचे बरेचसे ललित लेखन त्या एका कृतीत मावते. गॅलरीत पक्ष्याने घरटे केले, आम्ही त्याला करू दिले, पिल्ले उडाली, आम्ही हळवे झालो. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत असा एक तरी लेख दरवर्षी असतोच. त्याचा विषय पक्षी असल्याचे वरवर वाटते, खरा विषय लेखकाचे चांगुलपण हा असतो. भ्रमणध्वनीतल्या कॅमेऱ्याने ही सोय प्रत्येकाला करून दिली. अंड्यांचे छायाचित्र, डोळे न उघडलेल्या पिल्लांचे छायाचित्र, चोची उघडल्याचे चित्रण, आणि ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर. बुलबुलासारखा पक्षी अंड्यांवर बसला असताना कोणी वारंवार घरट्याशी तोंड नेले तर तो घरटे सोडून देऊ शकतो. शिवाय माणसाच्या येण्याजाण्यावर कावळ्याचे बारीक लक्ष असते. म्हणजे दंड थोपटण्याची घाई इतकी की जाजलीने निदान पक्षी जाईपर्यंत जे केले तेवढेही हातून होत नाही.

तेव्हा प्रथम दिवसांचा हिशेब. तो साहित्याच्या अभ्यासकांनाही यायला हवा असे आमचे मत आहे, कारण सगळा नैतिक प्रश्न त्या हिशेबात दडलेला आहे. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा लालबुड्या बुलबुल दोन ते चार अंडी घालतो. ती साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. चिमणीचे गणितही जवळपास असेच, फक्त एकाच हंगामात ती अनेकदा पिल्ले काढते. दयाळ मार्च ते जुलैच्या सुमारास भिंतीतल्या भोकात, दिव्याच्या डोमात, पत्रपेटीत, रिकाम्या कुंडीत घरटे करतो. त्यालाही जवळजवळ एवढाच काळ लागतो. शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी असेही म्हणतात, कोळ्याच्या जाळ्याने काडीकचरा गुंफून लांबट थैली करतो आणि ती कपडे वाळत घालायच्या तारेलासुद्धा टांगतो. तिथे हवे तर दोन महिने धरा, कारण ती थैली विणण्यातच बरेच दिवस जातात. सर्वांत मोठी परीक्षा गव्हाणी घुबड पाहते. त्याची अंडी उबायलाच महिना लागतो आणि पिल्ले त्यानंतर दोनेक महिने जागा सोडत नाहीत. त्यातही रात्रीचे त्यांचे फिसकारणे असे असते की घरातली वडीलधारी माणसे अपशकुनाची भाषा सुरू करतात. घुबडाचे ते कुटुंब तेवढ्या काळात आसपासचे किती उंदीर संपवते, हे त्यांना सांगून पाहावे. कधीकधी उपयोग होतो.

म्हणजे बहुतेक वेळा प्रश्न एका महिन्याचा असतो. एक कुंडी महिनाभर जागची हलवायची नाही. पाणी घालायचे ते कडेने, हळू, आणि पक्षी चाऱ्याला गेला असताना. एक दिवा महिनाभर लावायचा नाही, त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायची, कारण घरातल्या हातांना सवय असते. एक खिडकी महिनाभर उघडायची नाही. यात थोर असे काही नाही. पाहुणा चार दिवस जास्त राहिला तर आपण जेवढी कुरकूर करू तेवढी करीत हे करता येते. कुरकुरीने पुण्य कमी होत असेल असे आम्हांला वाटत नाही.

तमिळनाडूतील शिवगंगा जिल्ह्यात पोत्तकुडी नावाचे खेडे आहे. २०२० सालच्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या काळात, तिथल्या रस्त्यावरचे दिवे लावण्याच्या पेटीत चिरक पक्ष्याने घरटे केले. पेटी उघडून बटण दाबायचे तर घरट्यातच हात जाणार. गावाने महिन्याहून अधिक काळ रस्त्यावरचे दिवे लावले नाहीत. ही बातमी देशभर फिरली आणि तिच्यावर हळवे मथळे आले, ते सोडून देऊ. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की अंधार खरा होता. विंचवाकाट्याचा, ठेचा लागण्याचा, म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळनंतर घरात बसवणारा. गावाने त्याची मुदत पाहिली, ती सोसण्याजोगी वाटली आणि सोसली. तुलाधाराच्या तराजूचे आजचे उदाहरण द्यायचे तर आम्ही वर्गात हेच देतो.

आता कवितेकडे. सुगरणीच्या खोप्यावरची बहिणाबाई चौधरींची कविता न शिकलेला मराठी विद्यार्थी विरळा. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढल्या वर्षी त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. तेव्हापासून सुगरण ही आपल्याकडे कष्टाळू आईची प्रतिमा होऊन बसली आहे. कवितेत इवल्या चोचीचे ते काम पाहून माणसाला त्याच्या हातांची आठवण करून दिली आहे आणि ती अप्रतिमच आहे. तथापि खोपा विणतो तो नर. सलीम अली १९३० साली नोकरी गेल्यामुळे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे त्यांना घराजवळच सुगरणींची वसाहत सापडली आणि त्यांनी ती महिनोन् महिने पाहिली. त्यांचा लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला. नर अर्धा खोपा विणून पंख फडफडवीत बोलावतो, मादी येऊन तो तपासते, पसंत पडला तर ठेवून घेते. मग नर लांब नळी विणून खोपा पुरा करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याला, म्हणजे दुसऱ्या मादीसाठी, लागतो. आत मऊ अस्तर घालणे, अंडी उबवणे आणि पिल्लांना भरवणे हे बहुतांशी मादीकडे राहते. बाभळीला लोंबकळणारे अर्धवट खोपे दिसतात ते नापसंत झालेले.

हे वर्गात सांगितले की दोन प्रतिक्रिया येतात. एक, कवितेची मजा गेली. दोन, बहिणाबाई चुकल्या. दोन्ही आम्हांला मान्य नाहीत. 'सुगरण' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, स्वयंपाकात निपुण असलेल्या बाईला तो लावतात. पक्ष्याला हे नाव बहिणाबाईंच्या आधी भाषेने दिले. ज्या समाजात घर करणे हे काम बाईचेच असे गृहीत होते, त्याने खोपा पाहिला आणि आत बाई असणार असे ठरवून टाकले. कवितेतला जिव्हाळा खरा आहे, पिल्लांसाठी झिजणारी मादीही खरी आहे. फक्त विणणारा नर शब्दाच्या आड गेला. आमच्या दृष्टीने हा स्त्रीवादी समीक्षेला फुकट मिळालेला धडा आहे आणि तो कोणत्याही आयात सिद्धान्तापेक्षा विद्यार्थ्यांना चटकन कळतो. मात्र त्यासाठी प्राध्यापकाने एकदा जून-जुलैत विहिरीकाठच्या बाभळीखाली जाऊन उभे राहायला हवे.

हाच न्याय उलट्या बाजूने कबुतराला लावून पाहा. आईपणाच्या सगळ्या रूपकांत 'दूध' येते. शहरात आपल्या खिडकीशी राहणाऱ्या पक्ष्यांत पिल्लांना दूध म्हणता येईल असे काही पाजणारे कबुतर आणि त्याच्या कुळातला होला. त्यांच्या अन्नपिशवीत दह्यासारखा एक घट्ट द्रव तयार होतो आणि तो नर व मादी दोघांकडेही असतो. दूध पाजणारा बाप! एवढे भांडवल असून कवितेने त्याचे काही केले नाही, कारण कबुतराला कवितेत शांततेचे दूत व्हायचे होते, नाहीतर प्रेमपत्रे न्यायची होती.

आणि कबुतर हाच या विषयातला खरा अवघड भाग आहे. त्याच्याविषयी गुळमुळीत लिहिण्यात अर्थ नाही. कड्याकपारीत राहणारा हा पक्षी आहे आणि उंच इमारत म्हणजे त्याच्या लेखी कडाच. यंत्रामागची फळी, डक्टमधला सज्जा, पोटमाळ्याची खिडकी, सगळ्या कपारी. वेळी दोन अंडी, सतरा-अठरा दिवस उबवणे, पुढे पिल्लांचे चारपाच आठवडे, आणि पहिली पिल्ले पुरती उडण्याआधी पुढची अंडी. वर्षभर हाच क्रम. म्हणजे बुलबुलाच्या बाबतीत जी मुदत आम्ही वर सांगितली ती इथे संपतच नाही. जाजलीच्या जटांत कबुतरे बसली असती तर तो अजून तसाच उभा असता. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ती दुर्लक्षित राहिली तर कायमची इजा होते. ज्या घरात म्हातारी माणसे किंवा दम्याचे रुग्ण आहेत तिथे हा प्रश्न हळवेपणाने सुटणारा नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वादात मराठीत जेवढे लिहिले गेले ते जवळजवळ सगळे माणसांविषयी होते: कोणता समाज, कोणती भाषा, कोणाचे शहर. कबुतर त्यात नव्हतेच. दाणे टाकणारा आपल्या पुण्याविषयी बोलत होता, विरोध करणारा आपल्या हक्काविषयी. गोणीभर धान्यावर वाढलेली ती संख्या शेवटी कोणाच्या तरी खिडकीत अंडी घालायला येणार आणि तिथे तिची गाठ झाडूशी पडणार, हा साधा कार्यकारणभाव आम्ही तरी फारसा वाचला नाही. दाणे टाकणे ही भूतदया आहे असे आम्हांला वाटत नाही. तो जाजलीचाच दंड थोपटण्याचा प्रकार, पण जटा मात्र शेजाऱ्याच्या.

तरीही. कबुतराला जागा न देणे आणि दिलेल्या जागेवरून त्याची पिल्ले फेकणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि या टिपणात आम्हांला सांगायचे ते नेमके इथे आहे. काड्या जमू लागल्या की त्याच दिवशी काढाव्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढाव्यात. फळीवर उतार करावा, भोक बुजवावे, जाळी लावावी. यात पाप शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावे. पण अंडी पडून पिल्ले निघाली असतील तर जाळीवाल्याला पाच आठवड्यांनी बोलवावे. आमच्या शहरात उलटे चालते. घरटे दिसते ते पिल्लांच्या आवाजाने, त्याच दिवशी दूरध्वनी केला जातो, जाळीवाला संध्याकाळी येतो, मोठी कबुतरे बाहेर आणि पिल्ले आत अशी जाळी ताणली जाते. पुढचे चार दिवस त्या डक्टमध्ये काय ऐकू येते, हे तिथे राहणाऱ्यांना विचारावे. पाचव्या दिवसापासून वास येतो. हे सगळे करणारी माणसे क्रूर नसतात. त्यांतल्या कित्येकांच्या दिवाणखान्यात घरट्याची तसबीर असते. त्यांना फक्त 'आधी' आणि 'नंतर' यांतला फरक कोणी शिकवलेला नसतो, आणि तो शिकवणे हे भाषेच्या माणसांचे काम आहे असे आम्ही समजतो.

कायद्याने तो फरक केव्हाच ओळखला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. मारणे, पकडणे याबरोबरच पक्ष्यांची अंडी फोडणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे हेही त्या व्याख्येत येते. अनुसूचीत समाविष्ट असलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत शिकारीला मनाई आहे. म्हणजे झाडूने बुलबुलाचे घरटे पाडणारा गृहस्थ कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. शब्दाचा अर्थ इतका विस्तारणे आणि तो विस्तार पटण्याजोगा असणे, हे चांगल्या कवितेत घडते. इथे ते एका रुक्ष कलमात घडले आहे. अर्थविस्तार शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

महाविद्यालयांचे काय? एक प्रसंग सांगून ठेवतो, नावे सांगत नाही. एका जुन्या दगडी महाविद्यालयाच्या पोर्चच्या छताला पाकोळ्यांची वसाहत होती. पाकोळी उडता उडता पिसे आणि गवत टिपते, लाळेने ती छताला चिकटवते आणि घरटी एकमेकांना लागून करते. लांबून पाहिले तर छताला मोठे जळमट लागल्यासारखे दिसते. मूल्यांकन समिती येणार म्हणून मे महिन्यात इमारतीला रंग काढायचा ठरला. कंत्राटदाराच्या माणसांनी बांबूने एका सकाळी छत साफ केले. खाली पडलेली पिल्ले सफाई कामगार बायकांनी सुपात गोळा केली आणि कुठे ठेवायची म्हणून विचारायला त्या मराठी विभागात आल्या. प्राणिशास्त्र विभाग सुटीवर होता. पाकोळीचे पिल्लू दुसऱ्या कोणत्या फांदीवर ठेवून जगत नाही. तिचे पाय फांदी धरायचे नसतात, ते भिंतीला लटकायचे. आणि तिचे पालक हवेतले कीटक हवेतच पकडून आणतात, तो चारा माणसाला देता येत नाही. समिती आली, तिने हिरव्या परिसराची प्रशंसा केली. पर्यावरणविषयक अभ्यासक्रमाची फाईल तिला दाखवण्यात आली होती.

या प्रसंगी आम्हांला खांडववन आठवले, ते उगाच नाही. आदिपर्वात अग्नी ते वन जाळतो, कृष्णार्जुन त्याला साह्य करतात, आणि त्या आगीत जरिता नावाची शार्ङ्गक पक्षिणी पंख न फुटलेल्या चार पिल्लांपाशी अडकलेली असते. बाप मंदपाल दुसऱ्या मादीबरोबर अन्यत्र आहे. जरिता पिल्लांना उंदराच्या बिळात शिरायला सांगते, पिल्ले म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आग बरी, तू उडून जा, तुला पुन्हा मुले होतील. तो संवाद इतका व्यवहारी आहे की वाचवत नाही. अग्नीने मंदपालाला आधीच वचन दिलेले असल्याने पिल्ले वाचतात. त्या आगीतून मयासुरही वाचला आणि पुढे त्याने पांडवांसाठी सभा उभारली. वर्गात आम्ही मयसभा शिकवतो, तिच्यातले पाण्याचे आणि जमिनीचे भ्रम शिकवतो. जरितेची पाने बहुधा गाळली जातात. ती आधी शिकवावीत, मग मयसभा.

चिऊकाऊच्या गोष्टीचेही पुन्हा वाचन व्हायला हवे. मराठी मूल पहिली ऐकते ती ही गोष्ट. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाचे घर असलेल्या चिमणीच्या दाराशी येतो आणि ती त्याला एकेक सबब सांगत भिजत ठेवते. या गोष्टीला आपण सगळे हसत आलो आहोत. दार न उघडण्याची गंमत आपण इतक्या लहानपणी शिकतो, की पुढे तसबिरीमागची, वळचणीची चिमणी सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींनी बाहेर गेली तेव्हा तिचे जाणे कोणाच्या लवकर ध्यानातही आले नाही. आता २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून तो पाळला जातो आणि आम्हांला त्याचे अगत्य आहे. त्या दिवशी महाविद्यालयांत निबंधस्पर्धा होतात. लाकडी घरटी वाटली जातात तेही चांगलेच. मात्र निबंधाच्या जोडीला जुन्या भिंतीतले एखादे भोक बुजवायचे ठेवले तर जास्त बरे, एवढी दुरुस्ती आम्ही सुचवून पाहिली. लाकडी घरट्याचे छायाचित्र निघते, भोकाचे निघत नाही, असे उत्तर मिळाले.

काही बारीकसारीक गोष्टी, कारण विद्यार्थी त्या विचारतात. घरट्यातून पडलेले उघडे पिल्लू हाताने उचलून परत ठेवले तर माणसाच्या वासाने पालक त्याला टाकतात, हा समज खोटा आहे. ते खुशाल परत ठेवावे. अंगभर पिसे आलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पिल्लू बहुधा पडलेले नसते, उडायला शिकत असते. त्याला घरात आणून दूधभात भरवू नये. मांजर मात्र बांधून ठेवावे. कावळ्याने झाडावर घरटे केले असेल आणि तो डोक्यावर टोच मारीत असेल तर तीनचार आठवडे छत्री घेऊन चालावे. कबुतराची सुकलेली घाण कोरडी झाडू नये, आधी पाणी मारून ओली करावी आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. घरटे रिकामे झाल्याची खात्री करायची तर जाजलीइतका महिना थांबण्याची गरज नाही. चारपाच दिवस कोणी आले-गेले नाही म्हणजे पुरे. मग ते काढावे, जागा धुवावी आणि पुढच्या हंगामात तिथे घरटे नको असेल तर ती तेव्हाच बंद करावी.

राहिला प्रश्न रंगकामाचा. दख्खनच्या पठारावर बहुतेक पक्ष्यांची वीण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत कमीअधिक चालू असते. नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने त्यामानाने मोकळे. छतांची सफाई, जाळ्या, डक्टची दुरुस्ती, बाहेरच्या भिंतींचा रंग ही कामे या तीन महिन्यांत काढावीत, मे महिन्यात काढू नयेत, आणि काम सुरू होण्याआदल्या दिवशी कोणीतरी शिडी लावून प्रत्येक कोपरा पाहावा, असा एक अर्ज आम्ही विभागातर्फे तयार केला आहे. त्याचा मसुदा दीड पानांचा आहे. ज्यांना आपल्या महाविद्यालयात किंवा सोसायटीत तो द्यायचा असेल त्यांनी आमच्याकडून मागून घ्यावा. तिघांच्या सह्या आहेत, तिथे आपल्या कराव्यात.